बाजूच्या सीटचा ब्रेक

ब्रेक तिने दाबला नव्हता. एवढं एकच तर तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने पालिकेच्या वाहतूक दंड विभागाला दर अर्जात शाळकरी पोरालाही कळेल अशा भाषेत लिहिलं होतं. त्यावर आज आलेल्या उत्तरात पालिका म्हणत होती की, प्रवाशांना उतरवण्यासाठी आपण बसथांब्याच्या पिवळ्या चौकटीत वाहन थांबवले, हे आपले कारण ग्राह्य धरता येत नाही. ती दारातच उभी राहिली. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात कात्री, गळ्यात टेप. प्रवाशांना उतरवण्यासाठी? असं तिने कुठे लिहिलं होतं? उतरलं कुणीच नव्हतं. एका माणसाला उतरवून घ्यावं लागलं, ती गोष्ट वेगळी; पण ते रुग्णवाहिकेतल्या दोघांनी केलं होतं, आणि ज्याला उतरवलं त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आधीच्या उत्तरात पालिकेने तिला समजावलं होतं की फलक झाडामागे झाकला गेला होता ही सबब चालणार नाही. तिथे झाडच नाही. तिला वाटलं, कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाची उत्तरं आपल्याकडे येताहेत आणि आपली त्याच्याकडे जात असतील. तोही बिचारा असाच दारात उभा राहून विचार करत असेल की हा दुसरा ब्रेक कुठला, आणि हे मास्तर कोण.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. गाडी शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज बस चालवतात, रुग्णवाहिका चालवतात, काही नुसतीच घरच्यांना जरबेत ठेवतात; पण सगळी त्यांना मास्तरच म्हणत, आणि म्हणता म्हणता तीही मनातल्या मनात तेच म्हणू लागली होती. तोंडाने ‘अहो’. पत्राच्या माथ्यावर अजून त्यांचंच नाव होतं, कारण गाडी त्यांच्या नावावर. आणि त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्या पतीच्या निधनाबद्दल विभागास खेद वाटतो.’ हे मास्तरांना उद्देशून. ते असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, ‘बघ, माझा नवरा गेला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.’ तिला हसू आलं. ती मशीनपाशी जाऊन बसली.

मशीनवर एक झगा उसवून पडला होता. ती नवे कपडे शिवत नसे. लोकांचे आहेत तेच कपडे बारीक-मोठे करून द्यायची. कुणाची कंबर सोडायची, कुणाचे खांदे आत घ्यायचे, थोरल्याचा कोट धाकट्याला बसवायचा. हातापेक्षा तिचा पाय हुशार होता. पायटा कधी दाबायचा, कधी नुसता टेकवायचा, टोकदार वळणावर कधी श्वासासारखा अर्धाच सोडायचा, हे त्याला कळायचं. मास्तरांनीच हे आधी ओळखलं. ‘तुझ्या पायाला काय शिकवायचं,’ ते म्हणाले होते, ‘तो शिकूनच आलाय. शिकवायचंय ते तुझ्या मानेला. मागे वळून बघत जा जरा.’ म्हणून मग लेक कॉलेजात गेल्यावर, चाळिशीला टेकल्यावर, ती रोज संध्याकाळी त्यांची शेवटची विद्यार्थिनी झाली. डॉक्टरने स्वतःच्या पोराला सुई टोचू नये आणि नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, असं तिची नणंद म्हणाली होती. नणंदेचं सहसा काही खरं ठरत नसे. हे ठरलं.

शिकवायच्या गाडीला बाजूच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला तर मास्तरने दाबायचा. त्या ब्रेकबाबत त्यांचा एक नेम होता. ‘मास्तरचा ब्रेक म्हणजे टपली,’ ते म्हणायचे. ‘मारली की हात मागे. पोराच्या डोक्यावर हात ठेवूनच बसलास तर ती टपली नव्हे, ते ओझं झालं.’ म्हणून समोरून ट्रक अंगावर आला तरी ते कचकन दाबत आणि तत्क्षणी सोडत, म्हणजे उरलेली गाडी शिकणारा स्वतःच्या पायाने थांबवे आणि घरी जाऊन सांगे की आज मी ट्रकसमोर गाडी उभी केली. कुणाला लाज वाटू नये याची ही त्यांची युक्ती होती. तिला मात्र ती टपली लागली. एका वळणावर सायकलवाला आडवा आला. तिने तो पाहिला होता, तिचा पाय निघालाही होता, आणि त्याच्या आधी बाजूने टपली पडली. तिने गाडी कडेला घेतली, नीट हातब्रेक ओढला, दार उघडलं आणि चालत घरी गेली. मास्तर बाजूच्या सीटवर बसलेले तसेच. रात्री जेवताना ती म्हणाली, ‘एकतर माझ्या पायावर विश्वास ठेवा, नाहीतर मला बस बरी.’ त्यांनी वाटीतलं संपवलं, ताट घासून ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी गाडीत बसताना त्यांनी चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. हात मांडीवर. एखादा माणूस पंगतीला बसतो तसे. ‘हं,’ म्हणाले, ‘चल.’

त्यानंतर ती गाडीला हात लावी तेव्हा मास्तर मांडी घालत. परीक्षा पास झाली तरी. केस पांढरे झाले तरी. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं माना वळवून बघत, त्यांचे जुने विद्यार्थी खिडकीतून ओरडत, ‘मास्तर, जेवायला वाढलं का?’ आणि ते आशीर्वाद दिल्यासारखा हात वर करत. लेक लाजेने मागच्या सीटवर खाली सरके. ती मात्र समोर बघून गाडी चालवी, आणि डोळ्यांच्या कडेला ते दोन गुडघे दिसत राहत, एक जरा वर, एक खाली. लोकांना नवऱ्याने काय काय दिलेलं असतं. तिला ते दोन गुडघे दिले होते.

दंडाच्या त्या दिवशी ते गुडघे शेजारी नव्हते. पाय सुजले होते, डॉक्टरांनी मांडी घालू नका सांगितलं होतं, आणि जुन्या चपलांत पाय जाईना म्हणून सैल चपला घ्यायला दोघं निघाली होती. गाडीत बसताना ते म्हणाले, ‘आज मांडीला सुट्टी. डॉक्टरांचा हुकूम. चालेल ना तुला?’ ती म्हणाली, ‘पाय खाली ठेवा, पण शहाण्यासारखे ठेवा.’ ‘शहाणे असते तर सुजले असते का?’ ते म्हणाले. मग चौक गेला, पेट्रोलपंप गेला. ती त्यांना त्या साहेबाची गोष्ट सांगत होती. हा तिचं जुनं गिऱ्हाईक, चांगला दोन खुर्च्यांचा ऐवज, दर थोड्या महिन्यांनी तीच एक विजार कंबरेत सोडायला आणायचा आणि दर वेळी म्हणायचा, ‘बाई, कापड आटतंय.’ त्याचं नाव घरात कधी कुणी घेतलं नाही, ‘आटतंय साहेब’ हेच त्याचं नाव. तर आटतंय साहेब काल पुन्हा आला, तिने विजार उलटी करून त्याला शिवण दाखवली, म्हणाली, साहेब, आता सोडायला शिवणीत कापडच उरलं नाही. ‘हं,’ मास्तर म्हणाले. ते गोष्ट अशीच ऐकत. दर वाक्याला एक ‘हं’, टाक्यावर टाका घालावा तसा. मग तो काय म्हणाला माहितीये, ती म्हणाली, तोंड इतकं गंभीर करून, इतकं गंभीर करून तो म्हणतो —

आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे आपटल्यासारखी, आचका देऊन, इंजिन बंद पडून. तिचं कपाळ पुढे जाऊन मागे आलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हताच. समोर रस्ता मोकळा, उन्हात पांढरा पडलेला, आणि त्यावर कोणी नाही. तिने खाली बघितलं. मास्तरांचा उजवा पाय, तो सुजलेला, फुगलेल्या पावासारखा पाय, ब्रेकवर होता. इतक्या वर्षांनी. तिने सवयीने हातब्रेक ओढला, दोन्ही पाय मागे घेतले, आणि तोंड दुसरीकडे, खिडकीकडे फिरवून म्हणाली, ‘दाबलाच ना शेवटी.’ ते काही बोलले नाहीत. तिला ती गप्प राहण्याची रीत माहीत होती. दोघांतलं कोणी रुसलं की असंच व्हायचं, जो आधी बोलेल तो हरला. म्हणून तीही बोलली नाही. बसथांब्यावरच्या बाकावर एक बाई संत्रं सोलत होती. साल न तुटू देता, एका लांब पट्टीत. ती ते बघत बसली. साल लोंबत खाली येत होती, उन्हात हलत होती, आणि ती मनात म्हणत होती, बोलतील आता. साल संपली की बोलतील. मागून बसने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग बसचा ड्रायव्हर खाली उतरून तावातावाने चालत आला, ‘ताई, बस काय तुमच्या डोक्यावर लावू?’ आणि बोलता बोलता त्याची नजर तिच्या पलीकडे गेली, आणि तो आवाज अर्धवट टाकून म्हणाला, ‘ह्यांना काय होतंय?’

त्यानंतर जे झालं ते लोकांना सांगता येतं. लोक आले, तिने सांगितलं. लेक आली, तिला सांगितलं. हृदय. क्षणात. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सगळ्यांना तेच म्हणत असतील. पण ‘दाबलाच ना शेवटी’ हे तिने कुणाला सांगितलं नाही. माणसं येऊन जाऊन संपली, लेक तिच्या शहरात परत गेली, आणि एक दिवस पालिकेचा दंड आला. सोबत एक छायाचित्र, काळंपांढरं, वास येणाऱ्या पातळ कागदावर छापलेलं. चौकटीत एक राखी गाडी, साबणाच्या वडीसारखी. आत कोण, काही दिसत नव्हतं. आणि ते बघताना तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं की तिथे वर कुठेतरी एक डोळा होता. तिने पाहिलं नाही ते त्याने पाहिलं असेल. मास्तरांनी ब्रेक दाबला तो दोनच कारणांनी दाबला असेल. एकतर रस्त्यावर खरंच कोणीतरी आलं, तिला न दिसलेलं, आणि मास्तरांनी जाता जाता कुणाचा तरी जीव राखला. किंवा कोणीच आलं नव्हतं. नुसती त्यांना भीती वाटली. मांडी सुटली तशी ती बाहेर आली. सगळी वर्षं ती तिथेच होती, त्या मांडीखाली दडपून ठेवलेली, आणि पाय मोकळा झाल्याबरोबर त्याने बायकोला खरं काय ते सांगितलं, की विश्वास नव्हताच. तेवढं कळलं की तिला पुरे होतं. म्हणून तिने अर्ज लिहिला, ब्रेक मी दाबला नव्हता, माझ्या पतीने बाजूच्या सीटवरून दाबला. तरी गाडी थांबण्याच्या आधीचे चित्र मला दाखवावे. आणि पालिका तिला झाडांच्या गोष्टी सांगत बसली.

‘आई, भर आणि मोकळी हो ना,’ लेक फोनवर म्हणायची. ‘चूक नसताना का भरू?’ ‘चूक असो नसो. तू थांबलीस तिथे, हे तर खरंय?’ ‘मी नाही थांबले.’ कॉलेजात असताना लेक गाडीत खाली सरकायची तशीच आताही फोनमधून खाली सरकत असावी. मग हळू आवाजात, ‘तुला नक्की काय हवंय त्यांच्याकडून?’ ‘रस्त्यावर कोण आलं होतं ते.’ ‘कोण येणार?’ ‘कोणीतरी,’ ती म्हणाली. ‘मांजर तरी.’

मांजराचं तिने मनावरच घेतलं. कामं टाकून ती त्या थांब्यावर जाऊन बसायची. बस यायच्या, दार उघडून उभ्या राहायच्या, ड्रायव्हर भुवया उंचावून विचारायचा, येताय? ती मान हलवायची. उन्हाने पिवळी चौकट डोळ्यांत खुपायची. चौकटीच्या मधोमध डांबरावर तेलाचा एक डाग होता, तो आपल्याच गाडीचा असं तिने ठरवून टाकलं. मांजर दिसलं नाही. कुत्रं दिसलं, पण त्याला रस्ता ओलांडायची काही घाई नव्हती. ते दोन्हीकडे बघून, थांबून, एखाद्या जबाबदार गृहस्थासारखं जायचं. मास्तरांनी त्याला तिथल्या तिथे परवाना दिला असता. ती परत येऊन लोकांच्या शिवणी उसवायला बसे, आणि पायट्यावर ठेवलेला पाय आपलाच आहे का, असं तिला मध्येच वाटे. पूर्वी न बघता सरळ जायची ती टीप आता वाकडी जाऊ लागली होती. हुशार पाय घाबरला होता. ज्याच्यावर विश्वास नव्हता असा पाय तो. त्याला आता प्रत्येक टाक्याला कोणाला तरी विचारावंसं वाटत होतं.

मेकॅनिक आला तो मधल्याच एका सकाळी. लेकीनेच पाठवला, गाडी विकायची तर दुसरा ब्रेक काढून टाकायला हवा, तसली गाडी कोण घेणार. मास्तरांचाच विद्यार्थी तो. सीटखाली डोकं घालून पालथा पडला आणि तिथूनच बोलायला लागला. ‘दांडा एकच आहे काकू, इकडून दाबा की तिकडून दाबा. हा काढला म्हणजे झालं. मागचे दिवे बघायला पाहिजेत पण, फार हलके लागतात. ब्रेकला बोट टेकवलं तरी पेटतात.’ तिने त्याला बाहेर यायला सांगितलं. ‘आत्ता नको काढू.’ ‘का?’ ‘अपील चालू आहे. पुरावा आहे तो.’ त्याने कपड्याला हात पुसले, तिच्याकडे बघितलं, आणि मास्तरांच्या बायकोशी वाद घालायची आपली टाप नाही असं ठरवून चहा घेऊन गेला.

सुनावणी लागली ती असल्या सगळ्या कचेऱ्यांसारख्याच एका कचेरीत. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, एक जण उठला की सगळी रांग हलायची. सुनावणी घेणारा अधिकारी तिच्या लेकीच्या वयाचा, त्याला सर्दी झालेली. नाक लाल, टेबलावर कागदी रुमालांचा ढीग. दिवसभर लोक त्याच्यापुढे येऊन खोटं बोलत असणार आणि त्यातलं अर्धं त्याला पाठ असणार, हे तिला तो मान वर करण्याआधीच कळलं, आणि थोडी त्याची दयाच आली.

‘तुमचा मुद्दा सांगा मॅडम. थोडक्यात.’

‘ब्रेक मी दाबला नाही. माझ्या नवऱ्याने दाबला.’

‘म्हणजे गाडी ते चालवत होते?’

‘नाही. मी.’

‘मग ब्रेक तुम्हीच दाबणार ना.’

‘गाडीला दोन ब्रेक आहेत.’

‘असतील,’ तो म्हणाला. ‘गाडी एकच आहे ना? ती थांबली होती ना?’ आणि शिंकला.

‘मला दंड माफ करून नकोय,’ ती म्हणाली. हे तिने आधी कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, असं तिला तिथे पहिल्यांदा वाटलं. ‘गाडी थांबायच्या आधीचं चित्र दाखवा. समोर कोण आलं होतं, एवढंच बघायचंय.’

‘आधीचं नसतंच. गाडी चौकटीत उभी राहिली की मग कॅमेरा चित्रं घ्यायला लागतो. चालत्या गाड्यांचं त्याला काय करायचंय?’

तो हे सहज म्हणाला. तिला मात्र आपल्या खुर्चीखालची सगळी रांग हलल्यासारखी वाटली. म्हणजे त्या डोळ्यालाही माहीत नव्हतं. तोही तिच्याइतकाच उशिरा जागा झाला होता. ती उठायला लागली, आणि तिचं तोंड बघून की नुसतं काम उरकायचं म्हणून, त्याने पडदा तिच्याकडे वळवला. ‘बघा ना तुम्ही स्वतःच. सगळी आहेत. रुग्णवाहिकासुद्धा आहे शेवटच्यात. ती आम्ही विचारात घेतली. पण ती आली नंतर. नियमभंग आधी झालेला आहे.’

पडद्यावर चित्रं रंगीत होती. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या मनात तो दिवस त्या पातळ कागदासारखा राखीच झाला होता. इथे चौकट झणझणीत पिवळी होती, बाकावरची बाई निळ्या कपड्यांत, आणि तिच्या हातात, डोळे बारीक करून बघितलं तर, एक नारिंगी ठिपका. आणि गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना लाल. पहिल्या चित्रात लाल. दुसऱ्यात लाल. बस येऊन उभी राहिली, तिच्या पुढच्या काचेवरही तो लाल सांडला होता. ड्रायव्हर उतरून तिच्या खिडकीशी वाकला होता, तरी लाल.

‘हे लाल काय आहे?’ तिने विचारलं. तिला माहीत होतं.

‘ब्रेकचा दिवा.’

‘पुन्हा पहिल्यापासून दाखवाल?’

त्याने दाखवलं. तिने तेव्हा दोन्ही पाय मागे घेतले होते, सीटखाली, एकावर एक. हातब्रेक ओढला होता. तो दिवा तिच्या पायाचा नव्हता. बाजूचा ब्रेक दाबला गेला होता आणि सुटला नव्हता. संत्र्याची साल संपेपर्यंत सुटला नव्हता. आणि मास्तर सोडत. ट्रक अंगावर आला तरी सोडत. भीतीने दाबला असता तरी सोडला असता, कुणाला वाचवायला दाबला असता तरी सोडला असता. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवून ओझं केलं नव्हतं, बायकोच्या पायावर तर नाहीच नाही. हा पाय मास्तरांचा नव्हता. हे नुसतं एका पायाचं वजन होतं, मालक उठून गेल्यावर मागे राहिलेलं. शेवटच्या चित्रात दार उघडं होतं, पांढऱ्या कपड्यांतला माणूस आत वाकला होता, आणि दिवे विझले होते.

‘मॅडम?’

‘हं,’ ती म्हणाली.

‘वर अपील करता येतं तुम्हाला. समितीकडे.’ आता तोच तिला वाट दाखवत होता. ‘नको,’ ती म्हणाली, ‘भरते मी.’ त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, नाक पुसलं. ‘चित्राची प्रत हवी आहे का?’ ‘रंगीत मिळेल?’ ‘नाही, इथे काळीपांढरीच निघते.’ ‘मग राहू द्या,’ ती म्हणाली, आणि जाता जाता, आई झालेल्या बाईला राहवत नाही म्हणून, ‘वाफ घ्या जरा.’

खाली इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा होती. तिने गाडी भिंतीला पाठ करून लावली होती, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे, म्हणजे निघताना सरळ निघता येतं. किल्ली हातात धरून ती गाडीपाशी आली आणि तिने उघडलं ते बाजूचं दार. बसली. ही सीट त्यांच्या अंगाप्रमाणे खोलगट झालेली, ती त्यात जरा कलंडल्यासारखी झाली. हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. उन्हातून आल्यावर पाण्याच्या पहिल्या घोटाने वाटतं तसं. विश्वास होता. मांडी खोटी नव्हती. आणि तिचं ते वाक्य, ते कुणाला न सांगितलेलं, ते त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. ते तिने एका रिकाम्या सीटला सुनावलं होतं. चला, बरं झालं. पण पाणी पोटात उतरावं आणि मग पोटच नाही असं कळावं, तसं त्याच्यामागून दुसरं आलं. ते वाक्य ऐकलं नाही, तर मग ऐकलं ते कुठपर्यंत? शिवणीत कापड उरलं नाही, इथे ‘हं’ आला होता. तो तिला आठवत होता, किंवा आठवायला हवा म्हणून ती आठवत होती. मग तो काय म्हणाला माहितीये, इथे ‘हं’ होता का? तोंड इतकं गंभीर करून, इथे? तिने कितीही मागे जाऊन कान दिला तरी तिथे इंजिनाचा आवाज होता, आणि तिचा स्वतःचा, आपल्याच गोष्टीवर खूश होऊन मोठा झालेला आवाज. ती रस्त्याकडे बघत होती. मान वळवून बघत जा जरा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तिने पाय पुढे केला आणि बाजूचा ब्रेक दाबला. आरशात मागची पांढरी भिंत लाल झाली. दाबायचा आणि सोडायचा. तिने दाबून धरला. भिंतीवरचा लाल तसाच राहिला, न हलता, आणि तिला तिचा पाय उचलता येईना.

रखवालदार काठी आपटत आला. खिडकीशी वाकून त्याने रिकाम्या स्टिअरिंगकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘बाई, ड्रायव्हर कुठाय? गाडी काढायचीय ना?’

‘येईल,’ ती म्हणाली. ‘गोष्ट संपली की येईल.’

त्याला काही कळलं नाही. पण त्याने रोज तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिलेली असणार, कचेरीतून उतरून गाडीत बसून राहिलेली. तो पुढे निघून गेला. ती काठीचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबली. मग शेजारच्या सीटकडे तोंड करून, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं साध्या आवाजात म्हणाली, ‘तर तो म्हणतो, बाई, मग विजार राहू दे. मलाच दोन्ही बाजूंनी थोडं आत घ्या.’

तिने वाट बघितली. मग खाली वाकून चपला काढल्या, मागच्या सीटवर टाकल्या, आणि पाय एकेक करून वर घेऊन मांडी घातली. मागची भिंत पुन्हा पांढरी झाली.